पिकअपला पिकअप नाही

“मामा, गाडीला पिकअप राहिला नाही,” भाचा म्हणाला आणि मला हसू फुटलं. कारण गाडीच पिकअप. हुबळी-धारवाडात काय, बेळगाव-कोल्हापुरात काय, महिंद्राच्या त्या बोलेरो मालगाडीला लोकांनी दुसरं नाव ठेवलेलं नाही. आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी जी झेप घेते तिलाही आपण पिकअपच म्हणतो. भाच्याला झेपही हवी होती आणि वर ॲव्हरेजही वाढवून हवं होतं. अमरगोळच्या एपीएमसी यार्डात त्याला कुणीतरी सांगितलं होतं की एक ‘चिप’ येते, इंजिनाच्या वायरिंगमध्ये अर्ध्या तासात बसते, ताकद वाढते आणि डिझेलही कमी लागतं. पैसे म्हणाल तर दोन टायरांचे.

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस. गाडी खोलून बांधणं मला येत नाही. पण एकाच वस्तूतून दोन उलट गोष्टी जास्त मिळतील असं कुणी सांगितलं की फळ्यावर उभं राहायची जुनी खोड जागी होते. त्या चिपच्या निमित्ताने वर्षभर गॅरेजांमधून आणि वजनकाट्यांवरून हिंडलो. माझं मत झालं ते असं : गाडी सुधारायची तर इंजिन सोडून बाकी सगळ्याला हात लावावा. आणि ज्याला इंजिनाची ताकद कमी पडते, त्याचं दुखणं बहुतेक वेळा इंजिनात नसतंच.

आधी चिपवाल्याची बाजू, कारण तो निव्वळ खोटं बोलत नाही. डिझेल इंजिनात ताकद म्हणजे डिझेल. हवा तर सिलिंडरमध्ये येतच असते. तुम्ही पाय दाबता तेव्हा वाढतो तो डिझेलचा फवारा. जुन्या गाड्यांना यांत्रिक पंप होता, तेव्हा मिस्त्री पंपाचा स्क्रू थोडा फिरवून द्यायचा आणि गाडी चढावर खेचायला लागायची. मागून काळा धूर निघायचा आणि मालक खूश असायचा. तो धूर म्हणजे पूर्ण न जळलेलं डिझेल, म्हणजे त्याचेच पैसे; पण धुराला कुणी पैसे समजत नाही. आता कॉमन रेल इंजिनात स्क्रू नाही, संगणक आहे. चिप त्या संगणकाला फसवते : रेलमध्ये दाब कमी आहे असं भासवते, तो बिचारा दाब वाढवतो आणि फवारा जाड होतो. स्क्रूचंच काम, फक्त खोक्यात घातलेलं.

मग ॲव्हरेज वाढल्याचं लोक सांगतात ते काय? त्यात थोडं तथ्य असू शकतं. फवारा थोडा आधी मारला तर इंजिन जास्त कार्यक्षम होतं, पण ज्वलन तापतं आणि नायट्रोजनची विषारी ऑक्साइडं वाढतात. ती कमी ठेवायची म्हणून कारखाना मुद्दाम थोडी कार्यक्षमता सोडून देतो, आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ च्या मर्यादा तर फारच कडक आहेत. म्हणजे संगणकाचा पूर्ण आराखडाच बदलून कुणी चार-दोन टक्के काढून दाखवले, तर ते शून्यातून आलेले नसतात. तुमचे दोन रुपये वाचतात आणि टोल नाक्याच्या सिग्नलला मागे उभ्या असलेल्या स्कूटरवाल्या बाईच्या छातीत ते जमा होतात.

कायद्याचंही ऐकून घ्यावं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कारखान्याने ठरवलेल्या आणि नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या तपशिलांशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये ते कडकपणे उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. भाचा यावर म्हणाला, “चिप बघायला कोण बॉनेट उघडतंय मामा?” खरं आहे. पण वॉरंटीच्या वेळी सर्व्हिस सेंटरवाला उघडतो.

चिपच्या खालच्या पायरीवर चुंबकं, पावडरी आणि टाकीत टाकायच्या बाटल्या आहेत. डिझेलच्या नळीला चुंबक बांधला की डिझेलचे रेणू सरळ होतात, असं मला एका विक्रेत्याने गंभीर चेहऱ्याने समजावलं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने इंधन वाचवणारी म्हणून विकली जाणारी शंभराहून जास्त उपकरणं तपासली. बहुतेकांनी काहीच केलं नाही. आपल्याकडे तर १९९६ साली तामिळनाडूच्या रामर पिळ्ळैने झाडपाल्यापासून पेट्रोल काढून दाखवलं होतं आणि भले भले क्षणभर भुलले होते. वीस वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याला फसवणुकीची शिक्षा झाली. स्वस्त इंधनाची गोष्ट ऐकताना शिकलेला माणूसही लहान होतो. मीही त्या चुंबकाची किंमत विचारली होती, हे कबूल करतो.

एअर फिल्टरचं मात्र वेगळं. अण्णिगेरी, नवलगुंदकडच्या काळ्या मातीत हरभरा, मिरची भरायला गाडी गेली की फिल्टर आठवड्यात तुंबतो, आणि काही ड्रायव्हर तो काढूनच टाकतात : “श्वास तर घेऊ दे गाडीला.” गाडी त्या दिवशी छान पळते. मग ती पिठासारखी बारीक धूळ पिस्टनच्या रिंगा खाते आणि दोनेक वर्षांत इंजिन ऑइल प्यायला लागतं. त्यातही एक गंमत आहे. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ साली तपासलं तेव्हा आधुनिक पेट्रोल मोटारींचा फिल्टर तुंबला तरी ॲव्हरेज जवळजवळ बदललंच नाही. कमी झाली ती झेप. म्हणजे फिल्टर बदलल्यावर ‘गाडी हलकी झाली’ असं वाटतं ते पायाला, टाकीला नव्हे. आणि आपण गाडीची परीक्षा नेहमी पायाने करतो.

आता हिशेब. एक लिटर डिझेलमध्ये साधारण दहा युनिट विजेइतकी ऊर्जा असते. त्यातली चाकापर्यंत जेमतेम तीन युनिटं पोचतात. बाकीची सायलेन्सर आणि रेडिएटर घेऊन जातात, आणि तिथे गॅरेजवाल्याला करण्यासारखं फार थोडं उरतं. मग त्या तीन युनिटांचं काय होतं? काही टायर रस्त्यावर घासण्यात, काही हवा ढकलण्यात, काही चढण्यात, आणि काही ब्रेक मारून उष्णता करण्यात. हुबळीहून धारवाड सुमारे ८० मीटर उंच आहे. तीन टनांची भरलेली गाडी तेवढं चढवायला पाव लिटरच्या आत डिझेल लागतं. नवनगर सोडलं की गाडी ‘जड’ वाटते, ती याच चढाने. इंजिनाला काही झालेलं नसतं.

हवेचं लोकांच्या लक्षातच येत नाही, कारण ती दिसत नाही. ताशी ६० ला भरल्या पिकअपचं हवेशी भांडण आणि टायरचं रस्त्याशी भांडण जवळपास सारखंच असतं. वेग ८० केला की टायरचं तेवढंच राहतं, हवेचं पावणेदोनपटीहून जास्त होतं. गदगच्या बाजूला डोंगरावर पवनचक्क्या फिरताना दिसतात. त्या तिथे उगीच उभ्या केलेल्या नाहीत. आषाढात गदगहून हुबळीकडे, म्हणजे पश्चिमेला, २० च्या समोरच्या वाऱ्यात तुम्ही ६० ने आलात तर हवेच्या लेखी तुम्ही ८० नेच धावत आहात. त्या दिवसांत ॲव्हरेज पडलं की लोक पंपवाल्याला शिव्या देतात. डिझेलमध्ये भेसळ असेलही कधी, पण आधी ताडपत्रीकडे बघावं. तिचा सुटा कोपरा फडफडत असतो, दोन्ही बाजूंनी फुगा झालेला असतो, आणि केबिनच्या वर लोखंडी कॅरियर. त्या कॅरियरवर वर्षातून दोनदा काहीतरी बांधलं जातं. बाकीचे दिवस तो हवा अडवायला नेमलेला असतो.

भाच्याचा कॅरियर आम्ही काढला. मग मी त्याला गोकुळ रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेलं. कानडी, दखनी आणि मराठी तो एकाच वाक्यात वापरतो. त्याने बॉनेट उघडलंच नाही. भाच्याला म्हणाला, दोन किलोमीटर चालवून आण, शेवटी ब्रेक न मारता हळूच थांबव. गाडी आल्यावर त्याने चारही चाकांना हाताची उलटी बाजू लावली, ताप बघतात तशी. तीन कोमट होती. मागच्या डावीकडून त्याने हात झटकन मागे घेतला. ब्रेक चिकटत होता. किती दिवस कोण जाणे, ते एक चाक सतत ब्रेकमध्ये धावत होतं आणि भाचा इंजिनाला नावं ठेवत होता. मग मिस्त्रीने गाडी सपाटीवर रिकामी उभी करून न्यूट्रलला टाकायला सांगितली आणि एकट्याने ढकलली. हलली नाही. ब्रेक सोडवून, हब सैल करून, टायरमध्ये हवा भरून पुन्हा ढकलली. म्हातारा माणूस, पण गाडी निघाली. रिकामी पिकअप सपाटीवर ढकलायला वीसेक किलोचा जोर पुरतो. ही परीक्षा फुकट आहे आणि कुठल्याही कॉम्प्युटरच्या स्कॅनिंगपेक्षा खरी आहे.

टायरच्या हवेबद्दल सगळे सांगतात, करत कुणी नाही. पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघ कितीतरी वर्षं सांगतोय की हवा पाव हिश्शाने कमी असली तर इंधन पाच ते दहा टक्के जास्त जातं आणि टायरचं आयुष्य पाव हिश्शाने घटतं. नायलॉन टायर झिजल्यावर रेडियल घेतले तर फरक आणखी पडतो. पण चांगले टायर फेकून रेडियल घ्यायचा शहाणपणा करू नये. इंजिन ऑइल पुस्तकात लिहिलं आहे तेच. जाड ऑइलने इंजिन ‘गार राहतं’ हा समज सोडावा.

हे सगळं किरकोळ वाटतं, म्हणून मी भाच्याला गुणाकार करून दाखवला. रोज १०० किलोमीटर, वर्षाला ३०० दिवस, लिटरला ११ चं ॲव्हरेज : वर्षाचं डिझेल सत्तावीसशे लिटरच्या वर. लिटरला नव्वद धरले तर जवळजवळ अडीच लाख रुपये. त्यातले दहा टक्के वाचले तर चोवीस हजारांच्या वर. कर्नाटकातलं डिझेल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त म्हणून निपाणीकडच्या पंपांवर टाक्या तोंडापर्यंत भरणारे किती ड्रायव्हर आपण पाहिले! २०२४ च्या जूनमध्ये आणि पुन्हा २०२५ च्या एप्रिलमध्ये इथला कर वाढला आणि ती गंमत आटली. लिटरमागे दोन रुपयांसाठी वाट वाकडी करणारा माणूस चिकटलेल्या ब्रेकसाठी पाना हातात घेत नाही.

या भागाला इंजिनाबाहेरची अक्कल नवी नाही. सौंदत्तीजवळच्या गुर्लहोसूरला १८६९ मध्ये जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव आपण लोखंडी नांगरासाठी घेतो. पण शेतीच्या अवजारांत त्यांनी आधी बनवलं ते कडबा कापायचं यंत्र. बैल अख्खा कडबा खात नाही. पानं खातो, दांडा टाकतो. बारीक कापून घातला तर सगळा पोटात जातो. बैल तोच, चारा तोच, वाया जाणं बंद. यालाच तर ॲव्हरेज म्हणतात! बैलाला ताकदीची पावडर चारायचं त्यांना सुचलं नाही.

आणि दुसरं उदाहरण तर डोळ्यांसमोर धावतं. विजय संकेश्वरांनी १९७६ मध्ये गदगला एका ट्रकवर धंदा सुरू केला. आज हुबळीत मुख्यालय असलेल्या व्हीआरएलचे हजारो ट्रक आहेत. मालवाहतूक हाच ज्यांचा श्वास, त्यांनी गाडीत काय बदललं? त्यांनी चेसिस घेऊन त्यावरची बॉडी हुबळीत स्वतःच्या आराखड्याने बांधायला घेतली : हलकी, लांब, त्याच गाडीत जास्त माल बसेल अशी, नियमांच्या आत. बॉडीचा जो किलो कमी झाला तो मालाचा झाला, आणि मालाच्या किलोला भाडं मिळतं. आपल्याकडे पिकअपवाला नेमकं उलट करतो. नवी गाडी आली की पहिल्याच आठवड्यात फाळके उंच करतो, हौद्याला जाड पत्रा मारतो, पुढे-मागे लोखंडी गार्ड लावतो, मागच्या कमानीत दोन पाटे जास्त टाकतो. दीडशे-दोनशे किलो लोखंड तो कायम फुकट वाहतो आणि मग म्हणतो, गाडी ओढत नाही.

ते दोन पाटे इथे खरे बोलतात. पाटे कशासाठी वाढवतात? दीड टनाच्या गाडीत तीन टन भरायला. चिप कशासाठी हवी? तेच तीन टन चढावर न्यायला. टाटांनी २००५ मध्ये ‘एस’ काढली, आपला छोटा हत्ती, तेव्हा तिला ७०२ सीसीचं, १६ अश्वशक्तीचं इंजिन होतं. पाऊण टन मालाला ते पुरलं आणि देशभर त्या गाडीने संसार उभे केले. आज पिकअपला त्याच्या चौपटीहून जास्त ताकद आहे आणि ती पुरत नाही! इंजिन लहान झालेलं नाही, आपलं ओझं मोठं झालं आहे.

यावर भाचा पहिल्यांदाच चिडला. “मामा, तुमचं पेन्शन बँकेत येतं. माझा हप्ता पाच तारखेला जातो. व्यापारी फेरीचे पैसे देतो, क्विंटलचे नाही. मी दीड टनाला थांबलो तर मागे उभा असलेला तीन टन भरतो. मग मी काय खाऊ, तुमचा हिशेब?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि पुरतं उत्तर आजही नाही. २०१९ च्या दुरुस्तीत जादा मालाला वीस हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार ठेवले आहेत. पण दंड भरतो गाडीवाला, जादा माल भरायला लावणारा गादीवर बसलेला असतो. एकेकट्या गाडीवाल्याला ‘कायदा पाळ’ सांगणं म्हणजे त्याला उपाशी राहायला सांगणं आहे, हे मान्य केल्याशिवाय या विषयावर बोलूच नये. तरी एवढं म्हणतो की चिप घेऊन तो हा फास सैल करत नाही, आवळतो. आज सगळ्यांनी तीन टन नेले म्हणून फेरीचा भाव पडला. उद्या सगळ्यांनी चिप बसवली की साडेतीन टनांचा भाव पडेल, आणि क्लच, टायर, ब्रेक याच्याच खिशातून. यार्डात वजनकाटा आहे, शेतकऱ्याची मिरची त्यावर किलोकिलोने मोजली जाते. मग भाडंच तेवढं डोळ्यांच्या अंदाजाने का?

राहिला ड्रायव्हर, जो बहुतेक मालकांच्या मते डिझेल चोरतो. काही चोरतही असतील. पण डिझेल मालकाचं आणि पगार फेरीचा असला तर ड्रायव्हरने हळू का चालवावं? हुबळी-धारवाडचा नरेंद्र ते गब्बूर बायपास वर्षानुवर्षं दोन पदरीच राहिला आणि अपघातांनी बदनाम झाला. तिथे ट्रकच्या मागे लागून दर मिनिटाला रेस आणि ब्रेक करत ओव्हरटेक शोधणारा माणूस जे डिझेल जाळतो, ते कुठलीही चिप परत आणून देणार नाही. माझ्या ओळखीच्या एका मालकाने वाचलेल्या डिझेलचे अर्धे पैसे ड्रायव्हरला द्यायचं ठरवलं. त्या दिवसापासून त्याचा ड्रायव्हर समोरचा सिग्नल लाल दिसला की शंभर मीटर आधीच पाय काढतो. याहून स्वस्त मॉडिफिकेशन मी पाहिलेलं नाही.

आणि एक जुनी समजूत जाता जाता मोडतो. गोव्याला भाजी नेताना अनमोडच्या घाटात उतारावर गाडी न्यूट्रलला टाकली की डिझेल वाचतं, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. आताच्या इंजिनात ते उलट आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला की चाकंच इंजिन फिरवतात आणि संगणक फवारा पूर्ण बंद करतो. न्यूट्रलला टाकलं की इंजिन चालू राहण्यापुरतं डिझेल जळतच राहतं. शिवाय इंजिनाचा ब्रेक जातो. भरल्या गाडीचे ड्रम त्या घाटात तापून निकामी झाले की वाचलेल्या डिझेलचा हिशेब करायला कुणी उरत नाही.

भाच्याने चिप अजून घेतलेली नाही. घेणारच नाही असं तो म्हणत नाही. तुमचीही पिकअप असेल आणि मन होत असेल, तर एवढं करा. चाळीस पानी वही आणा. एकाच पंपावर, एकाच बाजूला उभं करून टाकी तोंडापर्यंत भरा, किलोमीटर लिहा. पुढच्या वेळी पुन्हा तोंडापर्यंत भरा, लिटर लिहा, मालाचं वजन लिहा. महिनाभर. मग चार चाकांना हात लावून बघा, हवा भरा, कॅरियर काढा आणि आणखी एक महिना लिहा. त्यानंतर ती वही घेऊन चिपवाल्याकडे जा आणि विचारा : यातला आकडा किती वाढेल, ते सही करून लिहून देता का?